नाण्याचा फोटो टाकताय? न बोलता बघणारे कोण असतात ते आधी समजून घ्या

नांगरट करताना, विहीर खोदताना, जुन्या वाड्याची भिंत उतरवताना एखादं जुनं नाणं हाती लागणं आपल्या भागात नवीन नाही. पूर्वी असं नाणं देवघरात जायचं, नाहीतर सोनाराकडे. आता ते आधी मोबाईलच्या कॅमेऱ्यापुढं जातं. "याची किंमत किती येईल?" एवढंच लिहून फोटो गावच्या ग्रुपवर पडतो. तिथून तो तालुक्याच्या ग्रुपवर जातो आणि पुढं नाणी जमवणाऱ्या अनोळखी लोकांपर्यंत पोचतो. संध्याकाळी तो कुठं कुठं फिरतोय हे टाकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

उत्तर देणारे चार-पाच जण असतात. कोणी म्हणतं "लाखाचं आहे", कोणी म्हणतं "भंगार आहे". पण काहीही न बोलता फोटो बघून, जपून ठेवून, पुढं सरकणारे यापेक्षा कितीतरी जास्त असतात. नाण्याच्या छंदात बोलणारे थोडे आणि गुपचूप बघणारे फार, ही जुनीच गोष्ट आहे. या गप्प बसलेल्यांमध्ये भले लोक असतात तसे भामटेही असतात. ते कोण आणि त्यांना आपल्या फोटोतून काय मिळतं, हे माहीत असलं तर बरंच नुकसान टळू शकतं.

पहिले : शिकणारे

गप्प बघणाऱ्यांत मोठा भाग साध्या, निरुपद्रवी लोकांचा असतो. शाळा-कॉलेजातली पोरं, निवृत्त शिक्षक, पोस्टातले, बँकेतले कर्मचारी. यांना विकायचं-घ्यायचं काही नसतं. नाण्यावर काय लिहिलंय, कोणत्या टाकसाळीचं आहे, एवढंच त्यांना शिकायचं असतं. विचारायला संकोच वाटतो म्हणून ते गप्प असतात.

ही शिकायची गोष्ट फार अवघड नाही. खिशातल्या नाण्यावर सुरुवात करता येते. सालाच्या खाली बघा. बारीक चौकटीसारखा हिऱ्याचा आकार असेल तर नाणं मुंबईच्या टाकसाळीचं. चांदणी असेल तर हैदराबादचं, गोल ठिपका असेल तर नोएडाचं, आणि काहीच खूण नसेल तर कोलकात्याचं. घरातल्या पोरांना ही खूण दाखवली की सुट्टीचे दोन दिवस ती घरातली सगळी चिल्लर उलथीपालथी करतात. या छंदाला पैसा लागत नाही, नजर लागते.

दुसरे : व्यापारी आणि दलाल

नाण्यांचा व्यापार करणारे सगळे फसवे नसतात. दुकान थाटून, पावती देऊन, वर्षानुवर्षं धंदा करणारे लोक आहेत. शंभर वर्षं किंवा त्याहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात पुरावस्तू ठरतं आणि अशा वस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो. अशी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. व्यापाऱ्याशी बोलताना परवाना विचारायला लाजू नका.

अडचण होते ती मधल्या दलालाची. तो फोटोखाली कधी काही लिहीत नाही. फोटो बघतो, गाव विचारून घेतो आणि दोन दिवसांनी मोटारसायकलवर दारात हजर होतो. नाणं हातात घेऊन तोंड वाकडं करतो. "तांब्याचा तुकडा आहे, मोडीच्या भावानं देऊन टाका" म्हणतो. घरच्या म्हाताऱ्या माणसाला एकटं गाठून रोख रक्कम पुढं करतो. ज्याला माहीत नाही तो हरतो.

म्हणून दोन-तीन गोष्टी डोक्यात ठेवा. आजीच्या गाठोड्यात निघणारा राणीछाप किंवा राजाछाप रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा असतो. १९३९ पर्यंतच्या रुपयात जवळपास ९२ टक्के चांदी आहे, म्हणजे एका रुपयात शुद्ध चांदी साधारण १०.७ ग्रॅम. १९४० पासूनच्या रुपयात चांदी निम्म्यावर आली. १९४७ चा रुपया चांदीचा नाहीच, तो निकेलचा आहे. चांदीचा रुपया विकायचा असेल तर त्या दिवशीचा चांदीचा भाव काढा आणि गुणाकार करा. त्याच्या खाली कोणी मागत असेल तर तो तुम्हाला बनवतोय.

याची दुसरी बाजूही खरी आहे. जुनं म्हणजे महाग असं समीकरण नाही. शिवराई आपल्याकडे शिवकाळापासून पेशवाईत आणि पुढं इंग्रजी अमलातही चालली. महाराजांच्या नावानं पुढच्या काळातही ती पाडली गेली. त्यामुळं झिजलेली साधी शिवराई बरीच मिळते आणि ती लाखाची नसते. तिचं मोल वेगळं आहे, ते पुढं येईल.

तिसरे : बनावट नाणी करणारे

हा गट सगळ्यात शांत आणि सगळ्यात लक्ष देऊन ऐकणारा. संग्राहक आपापसात बोलत असतात की अमुक नाणं खोटं कसं ओळखायचं. अक्षराचा हा काना खऱ्यात असा असतो, खोट्यात तसा. कडेला शिवण दिसते. वजन कमी भरतं. हे ज्ञान नवख्याला वाचवण्यासाठी दिलेलं असतं. पण तेच ऐकून बनावट करणारा पुढच्या खेपेला काना दुरुस्त करतो, वजन बरोबर आणतो. म्हणून जाणते संग्राहक काही खुणा चारचौघांत सांगत नाहीत, समोरासमोर दाखवतात. नवख्याला वाटतं हे लोक ज्ञान लपवतात. कारण वेगळंच असतं.

बनावट कशाची होते? ज्याला भाव आहे त्याची. शिवाजी महाराजांचा सोन्याचा होन फार दुर्मीळ आहे, अस्सल होन हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच माहीत आहेत. पण होनाच्या प्रतिकृती किती विकल्या जातात बघा. प्रतिकृती म्हणून विकली तर त्यात गैर काही नाही, घराघरात ती आदरानं ठेवली जाते. "शेतात सापडला" म्हणून ती विकली की ती फसवणूक. तसाच १९३९ सालचा चांदीचा रुपया. तो अतिशय कमी मिळतो, म्हणून दुसऱ्या सालाच्या रुपयावर आकडा खोडून-कोरून ३९ करणारे निघाले.

ओळखण्याच्या ज्या खुणा सगळ्यांना माहीत आहेत, त्या इथं सांगायला हरकत नाही. खरं नाणं ठशावर घाव घालून पाडलेलं असतं, खोटं बहुतेक वेळा साच्यात ओतलेलं असतं. ओतीव नाण्यावर भिंगातून बारीक बुडबुड्यांचे खड्डे दिसतात, अक्षरांच्या कडा वितळल्यासारख्या गुळगुळीत असतात, काठावर सांध्याची रेघ घासलेली दिसते. दोन "जुन्या" नाण्यांवर एकाच जागी एकसारखा ओरखडा असेल तर दोन्ही एकाच साच्यातून निघाली असं समजा. शिवराई हातानं पाडलेली असल्यामुळं एका बाजूचं "श्री राजा शिव" आणि दुसऱ्या बाजूचं "छत्रपति" ही अक्षरं बऱ्याचदा अर्धवट उमटलेली असतात. अगदी मधोमध, सगळी अक्षरं पूर्ण आणि नवीकोरी दिसणारी शिवराई कोणी स्वस्तात देत असेल तर थांबा.

आणखी एक. "ईस्ट इंडिया कंपनी १८१८, वन आणा" असं लिहिलेली आणि मागं राम-सीता किंवा हनुमान असलेली जाडजूड तांब्याची नाणी खेड्यापाड्यांत फिरतात. कंपनी सरकारनं देवांचं चित्र असलेलं असं नाणं कधी चलनात काढलं नाही. या अलीकडं केलेल्या मुद्रा आहेत. देवघरात ठेवायला हरकत नाही, पण त्यावर एक गुंठाही विकू नका.

चौथे : फोनवरचे भामटे

फोटोखाली तुमचा नंबर दिसला की हे लोक कामाला लागतात. "ट्रॅक्टर छापाची पाच रुपयांची नोट आहे का? सात-आठ-सहा नंबरची नोट आहे का? वैष्णोदेवीचं नाणं आहे का? दहा लाख देतो." वैष्णोदेवीची पाच आणि दहा रुपयांची नाणी २०१२ साली देवस्थान मंडळाच्या पंचवीस वर्षांनिमित्त निघाली आणि बाजारात चलनात आली. त्यासाठी लाखो रुपये देणारा कोणी नाही.

यांची पद्धत ठरलेली. आधी मोठा आकडा. मग नोंदणी फी, साधी हजारभर. ती भरली की जीएसटी. मग इन्कम टॅक्स. मग रिझर्व्ह बँकेचं प्रमाणपत्र, त्यावर शिक्का-बिक्का सगळं. प्रत्येक वेळी "ही शेवटची रक्कम, पैसे गाडीत बसून निघालेत" असं सांगितलं जातं. माणूस आधी गेलेले पैसे परत येतील या आशेनं पुढचे भरतो. यात म्हशी विकलेली, सोनं गहाण पडलेली घरं असतात आणि लाजेनं कोणी तक्रारही करत नाही.

रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये याबद्दल जाहीर सूचना काढली. जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारात बँक पडत नाही, कोणतीही फी किंवा कमिशन मागत नाही आणि आपल्या वतीनं असं काही करायला तिनं कोणत्याही संस्थेला, कंपनीला किंवा माणसाला अधिकार दिलेला नाही, असं तिनं स्पष्ट सांगितलं. म्हणजे फोनवर रिझर्व्ह बँकेचं नाव आलं की तिथंच फोन ठेवायचा. विकणारा तुम्ही, पैसे घेणारे तुम्ही, मग आधी पैसे भरायचे कशाला, एवढा एक प्रश्न पुरेसा आहे. पैसे घ्यायला क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाकावा लागत नाही, हेही घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

याचाच मोठा भाऊ म्हणजे "राईस पुलर". जुन्या तांब्याच्या नाण्याकडं किंवा भांड्याकडं तांदळाचे दाणे ओढले जातात, त्यात वीज पडून आलेली शक्ती आहे, परदेशातली अवकाश संस्था कोट्यवधी देते, फक्त तपासणीचा खर्च तुम्ही करा, असं सांगतात. तांब्याला तांदूळ ओढण्याचा गुण नाही. आत लोहचुंबक आणि तांदळात लोखंडाचा कीस, हा यातला खेळ. या एका थापेवर लोकांनी जमिनी घालवल्यात.

पाचवे : गुप्तधनाच्या मागचे

"आमच्या गट नंबरात नाणी निघाली" ही बातमी बाहेर गेली की रात्री बांधावर बॅटऱ्या दिसू लागतात. कोणी यंत्र घेऊन येतं, कोणी मांत्रिक घेऊन. उभं पीक तुडवून खड्डे पाडतात. गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड आहे.

या लोकांना पत्ता कोण देतं? बऱ्याचदा आपला फोटोच देतो. मागं घराची पाटी, गाडीचा नंबर, ओळखीचं मंदिर दिसतं. फोनचं लोकेशन चालू असेल तर फोटोच्या फाईलमध्ये जागेची नोंद राहू शकते. घरात चांदीचे रुपये किती आहेत हे आपण स्वतःच जगाला सांगून टाकतो.

सहावे : अभ्यासक

आता या सगळ्यात एक माणूस असा असतो, ज्याला नाणं विकत नको असतं. त्याला फक्त एक गोष्ट हवी असते : ते नक्की कुठं, कशात, कशासोबत सापडलं. हे का महत्त्वाचं, याचं उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे.

नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यात जोगलटेंभी नावाचं गाव आहे. तिथं १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. तेरा हजारांच्या वर नाणी. ती क्षत्रप राजा नहपान याची. पण त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर नहपानाच्या शिक्क्यावर दुसराच शिक्का मारलेला होता, तो सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचा. जुन्या राजाचं चलन गोळा करून नव्या राजानं त्यावर आपली मोहोर उठवली होती. नाशिकच्या पांडवलेण्यातला लेख सांगतो की गौतमीपुत्रानं क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, नायनाट केला. त्याला हातात धरता येईल असा पुरावा या साठ्यानं दिला.

समजा तो साठा गावातच वाटला गेला असता, आठवड्याभरात सोनाराच्या मुशीत गेला असता. चांदी तेवढीच मिळाली असती. पण नऊ हजारांवर दुसरा शिक्का आणि बाकीच्यांवर नाही, हे प्रमाण कायमचं गेलं असतं. एकटं नाणं थोडंच सांगतं. सगळी एकत्र, जागेच्या नोंदीसकट असली तर ती खूप काही सांगतात. आपल्या शिवराईचं मोलही असंच आहे. ती कोणत्या गावात, कोणत्या थरात, कशासोबत निघाली यावरून त्या गावचा बाजार कधीपासून भरत होता ते कळू शकतं.

असे अभ्यासक शोधायला लांब जायची गरज नाही. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्र संशोधन संस्था आणि तिचं संग्रहालय आहे. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आणि डेक्कन कॉलेज आहे. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात नाण्यांचा मोठा संग्रह आहे.

"सरकार घेऊन जाईल" ही भीती कितपत खरी?

लोक साठा लपवतात त्याचं खरं कारण हे आहे. म्हणून कायदा नीट समजून घ्या. १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेली मौल्यवान वस्तू, किंमत १० रुपयांपेक्षा जास्त, सापडली तर सापडणाऱ्यानं जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं असतं. काय सापडलं, किती, कुठं, कधी. वस्तू सरकारी कोषागारात जमा करायची किंवा मागतील तेव्हा हजर करण्याची हमी द्यायची.

त्यानंतर जाहीर नोटीस निघते, कोणी मालक पुढं येतो का ते बघतात. मालक नाही असं ठरलं तर आणि जमीनमालक वेगळा असेल तर, दोघांत दुसरा काही करार नसल्यास, तीन चतुर्थांश वाटा सापडणाऱ्याचा आणि एक चतुर्थांश जमीनमालकाचा. म्हणजे मजुराच्या कुदळीला लागलं तर मोठा वाटा मजुराचा आहे, हे मजुरांनीही लक्षात ठेवावं. सरकारला ते ठेवून घ्यायचं असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यावा लागतो. इथं एक उणीव मान्य केली पाहिजे. ही भरपाई धातूच्या किमतीवर आहे, संग्राहकाच्या बाजारभावावर नाही. तांब्याच्या नाण्यांना त्यातून फार काही मिळत नाही आणि म्हणूनच लोक कळवत नाहीत. कायदा दीडशे वर्षं जुना आहे, तो बदलायला हवा असं म्हणायला जागा आहे. पण लपवण्याचा धोका त्याहून मोठा आहे. न कळवल्यास वाटा जातो, वर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. जमीनमालकानं लपवायला मदत केली तर त्यालाही शिक्षा आहे.

मग करायचं काय?

- नाणं घासू नका. चिंच, लिंबू, राख, ब्रश काही नको. माती लागली असेल तर तशीच राहू द्या. चकाकी आणली की पुरावाही जातो आणि किंमतही.
- सापडलेल्या जागेचा, नाण्याचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवा. तारीख, गट नंबर, किती खोलीवर, हे वहीत लिहा. हे फोटो आपल्याजवळ ठेवायचे.
- साठा असेल तर वाटणी करू नका. तलाठ्यामार्फत किंवा थेट तहसील कार्यालयात जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे लेखी अर्ज द्या, पोच घ्या, पंचनाम्याची प्रत मागा.
- घरातलं वडिलोपार्जित एखादं नाणं ओळखायचं असेल तर फोटो टाका, पण फक्त नाण्याचा. पांढऱ्या कागदावर ठेवून, लोकेशन बंद करून. गाव, नंबर, किती नाणी आहेत, हे लिहू नका.
- विकायचंच असेल तर किमान तीन ठिकाणी भाव विचारा, पावती घ्या, दारात आलेल्याला त्याच दिवशी देऊ नका.
- आधी पैसे भरायला सांगणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाईनवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवण्याची शक्यता जास्त.

पेरणीआधीच्या मशागतीत, घरकुलाच्या पायात, शेततळ्याच्या खोदाईत अशी नाणी पुढंही निघतील. पोकलेन-जेसीबी चालवणाऱ्या पोरांना आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना एवढी माहिती आधीच सांगून ठेवा, कारण नाणं पहिल्यांदा त्यांच्याच हातात येतं आणि दलालही पहिल्यांदा त्यांच्याकडेच जातो.